पाचांत पाच, तरी मी कोरडा

पाच माणसं वाचायला एकत्र आली की वाचून होतं थोडंच, किस्से मात्र साठतात ढीगभर! आमचा सिंगापुरातला मराठी वाचक कट्टा बहुधा त्यासाठीच जन्माला आला असावा.

एका ब्रिटिश साहित्य पुरस्काराचे पाच विभाग: कादंबरी, पहिलं पुस्तक, चरित्र, कविता, बालसाहित्य. आम्हीही पाच जण. प्रत्येकाने एक विजेतं पुस्तक वाचायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. म्हणजे कष्ट एका पुस्तकाचे, रुबाब पाचांचा! मी कविता घेतल्या, कारण ते पुस्तक सगळ्यात पातळ होतं. कितीतरी महिने मी तिसऱ्याच कवितेवर अडकलेलो. आमचे सावंत मरीन इंजिनियर. ते म्हणाले, "अहो, ते कोकमाचं आगळ आहे. पाणी घालून प्या!"

*

चरित्र सावंतांकडे होतं. बोटीवरून परतल्यावर त्यांनी ते असं काही सांगितलं, की बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळे डोळे पुसायला लागले. गरिबी, अर्धवट सुटलेली शाळा, खलाशाची नोकरी... मी म्हटलं, "चरित्र लिहावं तर इंग्रजांनीच!"

"कसले इंग्रज?" सावंत म्हणाले. "पुस्तक घरीच राहिलं होतं. हे आमच्या वडिलांचं सांगितलं."

*

मग आम्हीच पुरस्कार काढला. विभाग पाच, लिहिणारे पाच. कुणी नाराज व्हायचा प्रश्नच नाही! सावंतांना दोन मिळाले. आता गणित तुम्हीच करा. मी हसत टाळ्या वाजवल्या खऱ्या. खोटं कशाला सांगू, मला ते बक्षीस फार हवं होतं हो!

*

पुढच्या वर्षी ठरलं, बालसाहित्याला परीक्षक मूलच हवं. परीक्षक झाली माझी लेक ओवी. म्हटलं, चला, घरचंच कोर्ट! तिने माझी गोष्ट जेवता जेवता वाचली आणि सिंगापुरी इंग्रजीत निकाल दिला.

"बाबा, एन्डिंग सो ऑब्व्हियस, लाह!"

बक्षीस पुन्हा सावंतांना.

*

त्याच्या पुढच्या वर्षी मी डोकं चालवलं. माझं नाव दिसलं की परीक्षक आधीच थकतात, म्हणून माझी कथा 'पहिलं लेखन' विभागात बायकोच्या नावाने पाठवून दिली. घरच्यांना भाग घेता येत होता. मेधाला सांगितलं नाही. हरलो तर बोभाटा नको.

बुकित तिमाहच्या एका काँडोत समारंभ. परीक्षक सावंत. "आपल्या कट्ट्यावर आजवर असं कुणी लिहिलेलं नाही," म्हणाले आणि नाव पुकारलं, "मेधावहिनी!"

जिंकलो होतो मी! मेधाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे उठली, बक्षीस घेतलं आणि माइकही घेतला.

"लिहायला घरात शांतता लागते," ती म्हणाली. "नवऱ्याने ती एक दिवस दिली नाही. तरी झालं!"

टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यात जोरात मीच वाजवत होतो.

"वहिनी, पुढची कथा कधी?" सावंतांनी विचारलं.

मेधा माझ्याकडे बघून गोड हसली.

"याला रजा मिळाली की!"