दुसरा रायटर

"सर, मला दुसरा रायटर द्या."

परीक्षा अकरा दिवसांवर आली होती. नसीम बागवान माझ्या टेबलासमोर उभी होती, पांढरी काठी घडी करून हातात धरलेली. मी तिला आमच्या कॉलेजमधली सगळ्यात हुशार मुलगी दिली होती. आहेर परत आल्यासारखा माझा चेहरा झाला. तो तिला दिसला नाही, पण माझ्या "का?"मध्ये ऐकू आला असणार.

मी कोथरूडच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. शिवाय राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे एन.एस.एस.चा, प्रोग्रॅम ऑफिसर होतो. नाव भारदस्त आहे. काम म्हणजे मुलांचे वर्षाचे एकशेवीस तास समाजसेवेत भरून घेणं. बरीच वर्षं आम्ही ते टेकडीवर झाडं लावून भरले. खड्डे तेच असायचे, रोपं दरवर्षी नवी. मग मला रायटरची कल्पना सुचली. अंध उमेदवार परीक्षेत उत्तरं तोंडी सांगतो आणि शेजारी बसलेला रायटर ती लिहितो. त्या परीक्षेचा नियम असा होता की, रायटर उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा. कॉलेजची मुलं त्यात बरोबर बसत होती.

मी फॉर्म छापून घेतला. पहिला रकाना नाव, दुसरा मागच्या परीक्षेतले टक्के. तिसरा सुचला नाही. टक्के उतरत्या क्रमाने लावले आणि पहिलं नाव नसीमला देऊन टाकलं. ते होतं मृदुलाचं. एस.वाय.ला होती, निबंधाच्या बक्षिसांनी घरातलं कपाट भरलेलं.

नसीम आमचीच माजी विद्यार्थिनी. वडिलांचा मंडईत फळांचा गाळा. बी.ए. झाल्यावर ती सरकारी खात्यातल्या लिपिकाच्या परीक्षेला एकदा बसली होती. तेव्हाचा रायटर इतका सावकाश लिहायचा की शेवटची दोन पानं कोरीच राहिली. या वेळी अंधांसाठी राखीव जागा एकच होती आणि पुढची जाहिरात कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. नोकरी तिला हवीच होती, आणि ते ती उघड सांगायची. गाळ्यावर बसून गिऱ्हाइकांच्या तोंडून "बिचारी" ऐकायचा तिला वीट आला होता.

तक्रार अशी होती. मृदुलाने लिहिलेला सरावाचा पेपर घरी नेऊन तिने वडिलांकडून वाचून घेतला. त्यात "सुतराम" असा शब्द निघाला.

"सर, मी आयुष्यात कधी 'सुतराम' म्हटलेलं नाही. अब्बा तर वाचतानाच अडखळले."

मी मृदुलाला बोलावलं. तिने शांतपणे कबूल केलं. नसीमची वाक्यं जरा साधी होती म्हणून तिने सुधारली, दोन उत्तरं चुकली होती तीही दुरुस्त केली. मला मनातून कौतुकच वाटलं. मी नसीमला समजावलं की, मार्क वाढतायत तर बिघडलं कुठे?

"मग नोकरीलाही तीच येणार आहे का, सर?"

 मी प्राध्यापक अडचणीत करतात तेच केलं. म्हणालो, थांबा, रायटरने कसं लिहायचं ते मीच करून दाखवतो.

निबंध तिने मंडईवर सांगायला घेतला. पहिल्याच वाक्याला मी विचारलं, इथे स्वल्पविराम ना? तिसऱ्या वाक्याला म्हणालो, "हे जरा वेगळं मांडता येईल." ती थांबली. मी घाईघाईने निबंध सोडून पर्यायांच्या प्रश्नांकडे वळलो. तिथे चूक करायला वावच नाही, असं मला वाटलं.

प्रश्न असा होता: एका वस्तूची किंमत आधी वीस टक्क्यांनी वाढली, मग वीस टक्क्यांनी उतरली, तर आता ती मूळ किमतीच्या मानाने किती? नसीमने क्षणभरही घेतला नाही. "पर्याय दोन. चार टक्के कमी."

"हं?" मी म्हणालो. तेवढंच.

"मग एक? मूळ किमतीइतकीच?"

उत्तर म्हणून माझं पेन लगेच चाललं. मृदुलाने सरावाच्या पुस्तकात मागे उत्तरं उघडून पाहिली आणि खाली मान घालून सांगितलं की, सर, दोनच बरोबर होतं. फळवाल्याच्या मुलीचं बरोबर आलेलं गणित अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने एका "हं"मध्ये चुकवलं होतं.

"मला चेहरा दिसत नाही, सर. 'हं' मात्र ऐकू येतं," नसीम म्हणाली. मग थोडा विचार करून, "मृदुलाच चालेल मला. ती निदान उत्तरं बरोबर तरी बदलते."

पुढचे दहा दिवस दोघींनी लायब्ररीच्या मागच्या खोलीत सराव केला. मला आत यायला बंदी होती. व्हरांड्यातून मला फक्त नसीमचा आवाज यायचा, आणि मधूनमधून मृदुलाचा एकच शब्द, "पुढे." संध्याकाळी गाळ्यावर अब्बा पेपर वाचून दाखवायचे. आपला नसलेला शब्द सापडला की दुसऱ्या दिवशी नसीम तो मृदुलाला परत करायची. शेवटच्या तीन दिवसांत परत करायला काही उरलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर उभा होतो. नसीमला घेऊन मृदुला बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "सर, एक उत्तर चुकीचं सांगितलं तिने. मला येत होतं. तरी मी तिने सांगितलं तेच लिहिलं."

 चुकीचं उत्तर लिहिल्याबद्दल मी आयुष्यात कुणाला शाबासकी दिली नव्हती.

"कुठलं गं?" नसीमने विचारलं. मृदुलाने सांगितलं. नसीम हसली.

"मग चुकलं. माझं चुकलं."

ते "माझं" तिने असं म्हटलं की मी चष्मा पुसायला काढला. 

यादीत तिचं नाव लागलं. मी वार्षिक अहवालात स्वतःच्या मार्गदर्शनावर एक अख्खा परिच्छेद लिहिला. मात्र फॉर्ममधला टक्क्यांचा रकाना खोडला आणि तिथे लिहिलं: "समोरचा बोलत असताना किती वेळ गप्प बसता येतं?" त्या रकान्यावर माझी स्वतःची निवड झाली नसती.

निवृत्तीनंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू. तशात एक अर्ज द्यायला सरकारी कचेरीत जावं लागलं. तिथला एक तरुण कारकून भला निघाला. म्हणाला, काका, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी सांगितलं. त्याने वाचून दाखवलं.

"अहो, 'नम्र विनंती' कुठून आलं? मी 'नम्र' म्हटलं नव्हतं."

"असू द्या हो काका. बरं दिसतं."

"बरं दिसायला नकोय मला. मी म्हटलं तेवढंच लिहा."

माझा आवाज बराच चढला असावा. पलीकडच्या टेबलावरून ओळखीच्या, शांत आवाजात कुणीतरी विचारलं,

"सर, दुसरा रायटर देऊ का?"