हॉर्न नसलेली गाडी

माझे काका गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे. गॅरेजमध्ये सगळे त्यांना ‘मौनी’ म्हणत, कारण त्यांचा आवाज इतका खालचा की समोरच्याला कान पुढे करावा लागे. काकू म्हणायची, "घरात चोर शिरला तरी हे त्याला हळूच विचारतील, ‘काही हवंय का?’"

एका रविवारी दुपारी केक करणाऱ्या एक बाई धावतपळत आल्या. मागच्या सीटवर तीन मजली केक, आणि गाडीत नुसती भट्टी.

"दोनदा गॅस भरला, तरी हवा गरमच! तासाभरात केक पोचवायचाय. एका जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झालीत हो!"

काकांनी पाना उचलला नाही. एवढंच विचारलं, "गाडी पळताना गार होतं?"

"मोकळ्या रस्त्यावर होतं खरं. सिग्नलला थांबलं की संपलं."

"मग गॅस ठीक आहे."

बॉनेट उघडून त्यांनी एसी चालू करायला सांगितला. पुढचा पंखा ढिम्म. पळत्या गाडीत वारा आपसूक येतो. थांबल्यावर ते काम पंख्याचं, आणि पंखा संपावर! काकांनी त्याला बॅटरीवरून थेट वीज दिली, तसा तो गरगरला. म्हणजे पंखा धडधाकट. त्याला वीज सोडणारी रिले, काडेपेटीहून लहान डबी, तेवढी गेली होती. रविवारी दुकानं बंद. हॉर्नची रिले त्याच मापाची होती. काकांनी ती उपसून पंख्याला लावली. दोन मिनिटांत गार हवा.

"पण हॉर्न?" बाई म्हणाल्या. "बाजारातून जायचंय मला."

काकांनी डोकं खाजवलं, हात पुसले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

पुढचं आम्हाला बाईंनीच सांगितलं. बाजारात काका पुटपुटले, "जरा बाजूला..." हातगाडीवाल्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तिकडे आधीच मऊ पडलेल्या केकचा वरचा मजला ब्रेकच्या धक्क्यांनी कलायला लागला. तेव्हा काकांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि असे गरजले, की हातगाडी तर हललीच, पुढचा ट्रकही बाजूला झाला. मग बाजार संपेपर्यंत त्यांनी तोंड मिटलं नाही. "खरं सांगते, त्यांना मजा यायला लागली होती!"

केक वेळेत पोचला. कललेली बाजू बाईंनी भिंतीकडे केली. आजींनी पहिला तुकडा आजोबांच्या आधी काकांच्या हातात ठेवला. काकांनी तो खाल्ला नाही, झाकून काकूसाठी घरी आणला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा पार बसला. काकू गुळण्यांचं पाणी तापवत होती आणि तिला हसू काही आवरत नव्हतं.