कापसाच्या शेतात काकण

भूत, भानामती, संकेत... असलं कोणी सांगू लागलं की मी उठून जातो. त्यामुळे हे लिहिताना मलाच माझा संशय येतोय.

आमचं शेत बाभुळगावच्या अलीकडे, यवतमाळ रोडला लागून. बोंडअळीची ती वर्षं. बियाणं खोटं, औषध खोटं – गावात जो तो एकमेकांकडे संशयानं बघायचा. भर दुपारी वेचणी सुरू होती. मी, बायको सुलभा आणि वेचायला आलेली कमलाबाई. डोक्यावरून मोठी सावली सरकली अन् ओळीत धप्पकन काहीतरी पडलं.

"अरे बाप्पा! साप टाकला जी घारीनं!" कमलाबाई ओरडली.

मेलेला साप. ओलाचिंब. शेपटी वल्ह्यासारखी चपटी. त्याच्या अंगावरचं पाणी मी बोटानं जिभेला लावलं – खारट! अन् समुद्र इथून... जाऊ द्या.

समोरच्या निंबावर तो पक्षी बसला होता. पांढरंशुभ्र पोट, राखाडी पंख, घारीच्या दुप्पट.

सुलभाचं माहेर मालवणकडचं, खाडीकाठी. तिच्या हातातला कापूस खाली पडला. "ही काकण. समुद्रावरचा गरुड. आमच्या आंब्यावर दरवर्षी हिचं घरटं असतं. ही किनारा सोडून येत नाही हो..."

"कोणीतरी मजाक करून राह्यलं," मी म्हणालो. खरं सांगतो, पहिला संशय मला सुलभाचाच आला.

घरी येताच तिनं माहेरी फोन लावला. तिथे धाकटा भाऊ बाबू एकटाच राहतो. मी कान लावून शेजारी उभा.

"बाबू, खाडीवरचो आंबो आसा मां रे?"

 पलीकडून – "ताई... तुका कोणी सांगल्यान?"

आंबा त्याच सकाळी तोडला होता. दोघा भावंडांच्या नावावरची ती जागा बाबू गुपचूप विकायला निघाला होता. घरट्यात पिल्लं होती का, ते त्यानं सांगितलं नाही. सुलभा दुसऱ्याच दिवशी निघाली. जागा वाचली. आंबा गेला तो गेलाच.

त्या दिवशी फोननंतर मी परत शेतात गेलो होतो. निंब रिकामा. सापही गायब.

"म्या त हातबी नाही लावला जी," कमलाबाई म्हणाली. तिच्यावरही माझा विश्वास बसला नाही.

बाबूला वाटतं, त्याच्या गावातलं कोणीतरी मला बातम्या पुरवतं. यंदा गणपतीला गेलो, तर त्यानं मला पडवीत बाजूला घेतलं.

"भावोजी, इतकी वर्षं झाली. आता तरी नाव सांगा."

मी कोणाचं नाव सांगू?