ठाण्यात नेसलेलं रेशीम

तंजावरची गादी खालसा झाली ती आजोबांच्या वेळी. आमच्या घरातले दरबारी रिवाज खालसा करायचे मात्र इंग्रज विसरले! सरकारच्या दारी न्हाऊनधुऊन, ठेवणीतलं नेसूनच जायचं, हा त्यातला मुकुटमणी.

अक्का, माझी थोरली बहीण, पट्टीश्वरमला दिली होती. एका सकाळी ती बैलगाडीने कुंभकोणमला आमच्या दारात उतरली. पानात केस निघाला म्हणून दिराने तिच्या डाव्या कानावर पितळी तांब्या हाणला होता. नवरा जेवत राहिला होता. कानातून आलेलं रक्त पोलक्यापर्यंत ओघळून वाळलं होतं.

"फिर्याद लिहवू," आमचे वडील, अप्पा, म्हणाले. "सरकारात एकदा लिहिलं गेलं, की हिला परत धाडा म्हणायची कुणाची छाती नाही."

"मला धाडू नका, अप्पा," एवढंच अक्का बोलली.

पण तशीच कशी नेणार? आईने तिला तेल लावून न्हाऊ घातलं, पोलकं भिजत टाकलं, तिरुभुवनमचं रेशमी लुगडं नेसवलं, वेणीत अबोली माळली. अप्पांनी पागोटं चढवलं. निघाली आमची वरात ठाण्याकडे! चौघडा तेवढा कमी होता.

हेड कॉन्स्टेबलने तमिळमध्ये स्वागत केलं, "काय रावजी, कुणाचं लग्न?"

"हिला मारहाण झाली आहे."

"हिला?" त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हाड मोडलं? दात पडला? बरं, रक्त तरी दाखवा."

"धुतलं," अप्पा म्हणाले.

"धुतलं! मग ही साधी दुखापत. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय आम्हाला त्यात हात घालता येत नाही." तो अक्काच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. "अम्मा, तुम्ही काय म्हणता?"

अक्का खाली मान घालून उभी. त्याने पुन्हा विचारलं. ती तशीच.

"पाहा, तिचीच तक्रार नाही," तो म्हणाला. "घरी न्या."

आठवडाभरात आमच्या ध्यानात आलं, अक्काला डाव्या कानाने ऐकूच येत नाही. ओळखीच्या वकिलांनी ते ऐकून कपाळावर हात मारला. एका कानाचं ऐकणं कायमचं गेलं, तर कायद्याने ती जबर दुखापत. दिराला पोलीस बिनवॉरंट धरू शकले असते. आम्ही इस्पितळात धावलो. डॉक्टरांनी कानात पाहिलं. "कान गेलाय. पण कधी, कशाने, हे आता कसं लिहू?"

तिकडे दिराने सांगून टाकलं, मुलगी बहिरीच दिली होती. मग नवरा नारळ-विडा घेऊन आला, जातीतले वडीलधारे मध्ये बसले. दाखवायला आमच्या हाती काही नव्हतं. अक्का सासरी परत गेली. शुभ म्हणून आईने तेच रेशीम नेसवलं.

अजून ती माहेरी आली की मी तिच्या उजव्या हाताला बसून गोष्टी सांगतो, सगळी सोंगं वठवून. कॉन्स्टेबलचं सोंग तीच मागते. मी मिशीवर ताव देऊन विचारतो, "काय रावजी, कुणाचं लग्न?" अक्का पोट धरून हसते, आणि हसता हसता पदर डाव्या कानावर ओढून घेते.