महिन्याचे चार तास

"आदी अडचण सांगा, मशीन मागनं बगू."

सरांच्या खोलीत कोणीही शिरलं की हे वाक्य ठरलेलं. सर आमच्या सोलापूरच्या कॉलेजात गणित शिकवायचे. मूळचे वैरागचे. वर्गात पुस्तकी मराठी, आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की थेट वैराग. असा एखादा माणूस तुमच्याही कामाच्या जागी भेटला असेल. नसेल, तर माझं नशीब तुमच्याहून चांगलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि कोरडवाहू ज्वारीच्या मुळांवर पीएच.डी. करत होते. तीन हंगामांची मोजमापं वह्यांत साठली होती. हँडल फिरवून आकडेमोड करायच्या यंत्रावर पाच आठवडे घालवून जे उत्तर काढलं, ते चुकलं. रडवेल्या तोंडानं वह्या घेऊन सरांकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "ज्वारी कुटली? मालदांडी?" मग वाचत बसले. तासाभरानं म्हणाले, "बाई, चूक तुमची न्हाय. हे हातानं करायचं गणितच न्हाय."

पुण्याच्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटर होता. सोलापूरच्या संशोधकांना मिळून तिथे महिन्याला चार तास मिळत, आणि ते वाटायचं काम सरांनी अंगावर घेतलं होतं. कापडाच्या रंगांवर काम करणारे एक रसायनशास्त्रज्ञ, यंत्रमाग कामगारांच्या खोकल्याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाई, आणि आता मी. प्रत्येकाचे आकडे कॉलेजच्या मागच्या खोलीत जाड कागदाच्या पत्त्यांवर भोकं पाडून उतरवायचे. ते पत्ते बिस्किटांच्या डब्यात भरून सर सकाळच्या गाडीनं पुण्याला न्यायचे.

एकदा मी बरोबर होते. कुर्डुवाडीला गाडीनं हिसका दिला आणि डबा उपडा झाला. एक पत्ता जागचा हलला तरी सगळं गणित बिघडतं. समोरची म्हातारी बाकाखालून पत्ते गोळा करत म्हणाली, "ये कौनसा खेल है, साब?"

"लई लांबचा खेळ हाय, चाची," सर म्हणाले.

त्यांनी प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेवर रंगीत पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढून ठेवली होती. रेघ पुन्हा जुळेपर्यंत पत्ते लावत गेलं की क्रम लागायचा. दौंड यायच्या आत डबा भरला.

मग एका वर्षी मुंबईहून समिती आली. पुढच्या दहा वर्षांत संशोधकांसाठी कॉम्प्युटरची सोय कशी करायची, याचा आराखडा तिला करायचा होता. आमच्याच सभागृहात बैठक झाली. प्रत्येक कॉलेजला स्वतःचं छोटं मशीन हवं होतं. आमच्या प्राचार्यांनी तर काचेच्या खोलीची जागाही हेरून ठेवली होती, आणि मागणीला पाठिंबा द्यायला सरांना उभं केलं.

सरांनी खिशातून वही काढली. तीन वर्षांत कोणाचं काम आलं, यंत्रावर किती वेळ चाललं, त्याआधी किती दिवस पडून राहिलं, सगळं तीत होतं.

"आमच्या कॉलेजाला मशीन दिलं, तर आठवड्यातनं एक दुपार चालंल. बाकी दिवस आमी त्याच्यावर कापड झाकू, आन् डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातनं परवानगी मागाय यायचं." सभागृह हसलं. सर हसले नाहीत. "एकच मोठं मशीन करा, सगळ्यांचं. ऱ्हाऊ द्या पुण्याला. पर हितं पत्ते पाडायची एक खोली द्या, कुनालाबी येता यील अशी. शिकवनारं मानूस द्या. आन् ल्हान गावांचे तास कागदावर लिवून द्या, म्हंजे मोटी मंडळी खानार न्हाईत."

समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "पण आधी नंबर कोणाचा, हे ठरवणार कोण?"

"जे वाट बगत्यात, ते मिळून. त्यांनाच ठावं असतंय, कुनाचं अडलंय."

दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी सरांकडे पत्त्यांच्या खोलीची किल्ली परत मागितली. सरांनी ती टेबलावर ठेवली आणि तासाला गेले.

त्याच महिन्यात पुण्याहून पत्र आलं: यंत्र दुरुस्तीला काढलंय, या वेळी सोलापूरचं एकच काम होईल. यादीत पहिलं नाव सरांचंच होतं. बारा वर्षं त्यांनी जिल्हाभर फिरून पावसाच्या नोंदी उतरवून आणल्या होत्या. त्यांचं स्वतःचं असं एवढंच संशोधन. माझं शेवटचं गणित पत्त्यांवर आधीच उतरवून झालं होतं आणि प्रबंध द्यायची मुदत तीन आठवड्यांवर आली होती. मी काही मागितलं नव्हतं. सरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, "बाईंचं अडलंय. माजा पाऊस कुटं पळून चाललाय?"

"सर, नंबर तुमचा आहे," मी म्हणाले.

"व्हय की. म्हनूनच तर मला देता येतोय."

मला पीएच.डी. मिळाली. दोन वर्षांनी समितीचा निर्णय आला. मोठं मशीन लांबणीवर पडलं, पण सोलापुरात सगळ्यांसाठी खोली मंजूर झाली, दुसऱ्या एका कॉलेजात. आणि लहान गावांचे तास लेखी ठरले. आमच्या चाराचे दहा झाले. खोलीचा कारभार सरांकडे कोणी दिला नाही. पहिल्या दिवशी ते आमच्यासारखेच रांगेत उभे होते. त्यांचा पाऊस अखेर यंत्रावर चढला, निबंध छापून आला. प्राचार्यांनी तो 'आमचे सर' म्हणून नोटीस बोर्डावर लावला. सर तिथून जाताना मान खाली घालून भराभर चालायचे.

निवृत्तीनंतर ते वैरागला राहायला गेले, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात ते वारल्याचं कळलं. आपण त्यांचे आभार कधी मानले होते का, हे मी त्या दिवशी खूप आठवून पाहिलं. नव्हते. ते मानूच देत नसत, सुरुवात केली की म्हणायचे, "बरं, पुडं कोन हाय?" म्हणून हे लिहिलं.

शेवटचे दिसले ते वैरागला निघाले त्या दिवशी, एस.टी. स्टँडवर. सामान टपावर चढलं होतं. आम्ही पोचवायला गेलेले सगळे बाजूलाच राहिलो, कारण कंडक्टरची मुलगी गणितात अडली होती. तो खिडकीखाली उभा राहून तिकिटाच्या पाठीवर लिहून घेत होता आणि सर बोटांवर मोजून सांगत होते. ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न दिला. मग घंटीची वाट न बघताच त्यानं गाडी हलवली. कंडक्टर तिच्यामागे धावत सुटला, आणि सर खिडकीतून अर्धे बाहेर वाकून अजून सांगतच होते.