डाव्या सीटचं म्हणणं

तिसगाव ते शेवगाव या पट्ट्यात आज जेवढ्या डिझेल गाड्या सभ्यपणे चालतात, त्यांतल्या निम्म्या तरी आमच्या साडूंनी सभ्य केलेल्या आहेत, आणि ही गोष्ट त्या गाड्यांच्या मालकांना अजून माहीत नाही. मालकांची समजूत अशी की, साडूंनी आपल्या गाडीचा वाघ करून दिला. मीही त्या मालकांतलाच एक असल्यामुळे हे अधिकाराने लिहितो आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि बहिणीला सगळं गाव अक्का म्हणतं म्हणून मीही अक्का म्हणतो. तिसगावात बाजारतळाच्या मागे दाजींचं पत्र्याचं गॅरेज आहे. पूर्वी तिथे ट्रॅक्टर-जीपच्या डिझेल पंपांची कामं चालत. पुढे गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आला. पाय किती दाबला की इंजिनाला डिझेल किती द्यायचं, हे कंपनीतून येणारी एक बंद डबी ठरवू लागली, आणि पंपांवर पोट असलेले बाकीचे मिस्त्री एकेक करून चहाच्या टपरीकडे वळले. दाजींना मात्र राग आला. इंजिन तिसगावात, चालवणारा तिसगावचा, खड्डे तर तिसगावशिवाय कुठे मिळणार नाहीत असे. आणि डिझेल किती द्यायचं हे ठरवणार कोण, तर ज्याने उभ्या जन्मात करंजी घाट पाहिला नाही असा कुणी परदेशी इंजिनिअर. पन्नाशीला टेकलेले दाजी मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर इंग्रजी व्हिडिओ बघत बसले. इंग्रजी त्यांना येत नाही, पण समोरचा हात कुठे लावतो हे बघायला इंग्रजी लागत नाही, असं त्यांचं मत. पहिल्या दोन डब्या जळाल्या. दोन्ही भंगारातल्या होत्या असं दाजी म्हणतात. त्यांतली एक सासऱ्यांच्या चालत्या गाडीची होती असं अक्का म्हणतात.

तिसरी डबी मात्र जगली, आणि दाजींचं नाव झालं. डबीचं झाकण कंपनीने गोंदाने पक्कं चिकटवलेलं असतं. ते सैल करायला दाजी मुलीच्या लग्नात आहेर म्हणून आलेलं केस वाळवायचं यंत्र वापरतात. मग भिंगाखाली केसाएवढ्या तारा टाचायच्या, लॅपटॉप जोडायचा, आतले आकडे वाचायचे, बदलायचे आणि परत लिहायचे. आकड्यांच्या या गठ्ठ्याला ते फाईल म्हणतात. कंपनीची मूळ फाईल तीन ठिकाणी जपून ठेवल्याशिवाय एकाही आकड्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. तो हळूहळू घरातही शिरला. घराला रंग द्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवले, नवा रंग मानवला नाही तर मागे जाता यावं म्हणून. अक्कांनी एकदा आमटीत गूळ घालणं बंद केलं, तर जुन्या आमटीची एक वाटी फ्रीजमध्ये आठवडाभर राखून ठेवण्यात आली.

माणसांचं बोलणं त्यांना कमी ऐकू येतं, इंजिनाचं फार. पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि दाजी अक्षता हातात घेऊन मांडवाबाहेर पाहताहेत. मला वाटलं, गहिवरले असतील. ते माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले की वरबापाची गाडी चालूच राहिली आहे आणि तिसरं नोझल गळतंय. अक्षता त्यांनी त्या गाडीच्या बॉनेटवर ठेवल्या आणि कामाला लागले. वधूवरांच्या वाट्याला त्यांच्या अक्षता आल्याच नाहीत, पण वरात मात्र धूर न सोडता घरी पोचली. धुराचा त्यांना तिटकारा आहे. सायलेन्सरमधून काळा लोट निघावा म्हणून पोरं लांबून गाड्या घेऊन येतात, त्यांना ते पाणी पाजतात, घरच्यांची चौकशी करतात आणि परत पाठवतात.

मी नगरला एका शाळेत भूगोल शिकवतो. काही वर्षांपूर्वी एक जुनी डिझेल गाडी घेतली. तिसगावहून परतताना चार माणसं आणि एसी असला की करंजी घाटात तिला धाप लागे. मी ती दाजींकडे नेली आणि ताकद, वेग, ओव्हरटेक या विषयांवर बराच वेळ बोललो. दाजी नोझल पुसत होते. माझं संपल्यावर त्यांनी माझ्या बायकोला डावीकडच्या सीटवर बसवलं, स्वतः गाडी घेतली आणि मला अक्कांच्या हवाली करून घाटाकडे निघून गेले. तासाभराने दोघं परत आली. कशी वाटली, असं मी विचारलं, तर बायको म्हणाली, ठीक आहे. दोन दिवसांनी गाडी मिळाली आणि खरोखर पहिल्याच गिअरला अशी उसळली की मी स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय काढला नाही. फक्त पुणे रस्त्याला लागल्यावर काटा ऐंशीपाशी थांबायचा. पाय कितीही दाबा, पुढे सरकायचा नाही. मी वाऱ्याला दोष दिला, डिझेलला दिला, टायर बदलले. भूगोलाचा मास्तर असल्यामुळे रस्त्याच्या चढउताराचाही अभ्यास केला. बायको शेजारी बसून स्वेटर विणत असे.

खरं कळलं ते गेल्या वर्षी, आणि कळण्याचं कारण चांगलं नव्हतं. दाजींना भिंगाखालच्या तारा दिसेनाशा झाल्या. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा मागचा पडदा झिजतो आहे. समोरचं पुसट होत जाईल, कडेचं दिसत राहील. दर महिन्याला इंजेक्शन घेतलं तर आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही, आणि गाडी चालवणं मात्र आजपासून बंद. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मूळ फाईल ठेवलीय का कुटं?" डॉक्टरांना काही कळलं नाही. मी पुढच्या महिन्याची तारीख लिहून घेतली.

पुण्याहून मुलाचा फोन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं: गॅरेज बंद करा, गाडी विका, दोघंही इकडे या. दर महिन्याला नगरला कोण नेणार, हा त्याचा प्रश्नही बरोबर होता. दाजी गॅरेजात गेले आणि हातातली कामं तेवढी संपवतो म्हणाले. त्यासाठी त्यांना आकडे वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून मी रविवारी जाऊ लागलो. मी लॅपटॉप उघडला आणि प्रथमच त्यांच्या फायलींची नावं वाचली. शेवगाव कापडवाले, मंडळींना घाटात उलटी. श्रीगोंदा ऊसवाले, आई मागं बसते, कंबर. पाथर्डी कंत्राटदार, बायको डोळे मिटून बसते. आणि त्याखाली: नगर सर, बाई म्हणतात ऐंशी बास.

मी ते मोठ्याने वाचलं. दाजींनी चष्मा पुसायला घेतला. मग आपला दुसरा नियम त्यांनी मला पहिल्यांदा सांगितला.

"सर, मालक सांगतो ती हौस असती. डावीकडं बसनाऱ्याला समदं दिसतं आन् पायात ब्रेक नसतो. त्याचं आधी ऐकायचं. पैल्या तीन गिअरला वड वाढवली की गडी खूश हुतो, पुढचं त्याला कळत न्हाई."

माझ्या बाबतीत हे शब्दशः खरं असल्यामुळे मला रागावताही येईना. अंगणात दाजींची स्वतःची गाडी उभी होती, वीस वर्षांची. मी यादी खालीवर चाळली आणि विचारलं की हिची फाईल कुठे दिसत नाही. तिला हात लावला नाही, असं ते म्हणाले. का, तर वेळ झाला नाही. मग बराच वेळ त्यांनी तोच चष्मा पुसला. तीन तालुक्यांतल्या बायकांना घाटातून फिरवून त्यांची गाऱ्हाणी लिहून घेणारा हा माणूस, आणि स्वतःच्या डाव्या सीटवर वीस वर्षं बसलेल्या बाईला त्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं. हे त्यांच्याही त्याच वेळी लक्षात आलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी पुढचा आकडा मागितला नाही.

दरम्यान अक्कांनी कुणाला न सांगता पाथर्डीला जाऊन गाडी शिकायला सुरुवात केली होती. पुण्याला जायचं नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं, आणि न जायचं तर नगरपर्यंत गाडी कुणीतरी नेली पाहिजे, इतका साधा त्यांचा हिशेब. शिकवणीच्या गाडीवर त्यांचं बरं जमलं. लायसन्सही मिळालं. पण घरची गाडी त्यांना दाद देईना. क्लच सुटला की बंद पडायची. गॅरेजसमोरच्या चढावर ती एकदा मागे सरकत थेट पेरूवाल्याच्या हातगाडीपर्यंत गेली आणि अख्ख्या बाजाराने अक्कांना सल्ले दिले. त्यांनी घरी येऊन चावी फ्रीजवर ठेवली आणि पुण्याला न्यायच्या भांड्याकुंड्यांची यादी करायला घेतली. मी तिथेच होतो. हातातली यादी त्या अशी लिहीत होत्या, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या घराची आहे.

दाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. भिंतीला हात लावून, जरा चाचरत त्यांनी विचारलं, "तुला कशी पायजे गं गाडी?"

अक्कांनी मान वर केली नाही. पण उत्तर द्यायला त्यांना क्षणही लागला नाही. क्लच सुटला तरी ती बंद पडायला नको, चढावर मागे जायला नको, आणि गिअर बदलताना जो हिसका बसतो तो तर मुळीच नको, वीस वर्षं मान दुखते आहे. दाजी म्हणाले, मग कधी बोलली नाहीस. अक्का म्हणाल्या, "इचारलं का कधी?" आणि यादीचा कागद उलटा करून ठेवला.

त्या एका गाडीला चार रविवार लागले. तारा टाचण्याचं काम दाजींनी मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून केलं. समोर बघितलं तर तार नाहीशी व्हायची. मूळ फाईल तीन ठिकाणी ठेवली. मी एकेक आकडा वाचायचा, त्यांनी विचार करून दुसरा सांगायचा, मी तो घालायचा. इंजिन सुरू झालं की ते डोळे मिटून ऐकत आणि नकाराची मान हलवत. अक्का रोज संध्याकाळी गॅरेजसमोरच्या चढावर जाऊन गाडी मुद्दाम थांबवत आणि परत येऊन काय चुकतं आहे ते सांगत. इतकं बारकाईने बोलणारं गिऱ्हाईक आपल्याला आजवर भेटलं नव्हतं, असं दाजी मला म्हणाले. चौथ्या रविवारी अक्कांनी चढावर क्लच अर्धा सोडला आणि गाडीने आपणहून ओढ धरली, कुठे हिसका नाही, काही नाही. पेरूवाल्याने हातगाडी तरीही बाजूला घेतली होती. त्या फाईलला नाव काय द्यायचं, असं मी विचारलं. दाजी म्हणाले, "नुसतं 'अक्का' लिवा. तक्रार लिवू नका." दाजींनी त्यानंतर दुसरी डबी उघडलेली नाही.

पुढच्या महिन्यात इंजेक्शनला अक्काच त्यांना घेऊन निघाल्या. धीर म्हणून मी मागे बसलो होतो, आणि धीर मलाच लागत होता. करंजीच्या अलीकडे अक्कांनी गाडी कडेला घेतली, पदर खोचला आणि डावीकडे वळून नवऱ्याला विचारलं, "तुमाला कशी पायजे?"

दाजी इतका वेळ खिडकीला कपाळ लावून बसले होते. त्यांनी मान फिरवली नाही. म्हणाले, "हळू घे. कडंचं दिसतंय मला अजून."

आम्ही घाट इतक्या हळू चढलो की उसाच्या ट्रॅक्टरनेही हॉर्न दिला. दाजी कडेची झाडं बघत होते, मधेच एखादं ओळखीचं वळण आलं की बोटाने काचेवर टकटक करत होते. पुण्याचा विषय त्या दिवसानंतर निघालेला नाही. माझी गाडी अजून ऐंशीच्या पुढे जात नाही. तिची मूळ फाईल दाजींकडे तीन ठिकाणी जपून ठेवलेली आहे, आणि ती मी परत मागितलेली नाही.