ओढ्याच्या पाण्याचा अहवाल

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. लिहायचं धाडस करतोय, चूकभूल पोटात घालावी.

लोह्याजवळच्या आमच्या गावात वडील म्हशी ओढ्यात धुतात, आणि खालच्या अंगाची वस्ती तेच पाणी वापरते. शेण आणि ढवळलेला गाळ पाण्यातून पुढे जातो, हे वर्गात शिकून मी त्यांना भीतभीतच सांगितलं.

"तू जन्मायच्या आधीपासून धुऊन राहिलो, साहेब," ते म्हणाले. "कागद आण, मग बंद करतो."

म्हणून मी संध्याकाळी ओढ्याचं गढूळ पाणी आतलं न दिसणाऱ्या पांढऱ्या कॅनमध्ये भरलं आणि सकाळच्या बसने नांदेडला प्रयोगशाळेत नेऊन दिलं. आठ दिवसांनी अहवाल आला: गढूळपणा नाही, पाणी स्वच्छ. मी नांदेडहून पाठवलेला त्याचा फोटो वडिलांनी पारावर सगळ्यांना दाखवला. म्हशींना तेवढा दाखवायचा राहिला.

मी आईला फोनवर विचारलं, "असं कसं झालं गं?"

"न्हाई तर काय व्हईल? तू कॅन ठिवून मळ्यात गेलतास तवा मी त्यातलं पाणी फडक्यातून गाळलं, तुरटी फिरवली, वरचं निवळ तेवढं भरलं. आपल्या गावाचं असलं घाण पाणी शहरात दाखवायचं व्हय?"